आधी तारेची ताकद विचारा

२०२३च्या जुलैत दक्षिण कोरियातून बातमी आली, की एलके-९९ नावाचा एक पदार्थ साध्या खोलीच्या तापमानाला अतिसंवाहक होतो. पुढे कितीतरी दिवस मोबाइलवर दुसरा विषय नव्हता. विजेची गळती संपणार, गाड्या रुळांवरून उचलल्या जाणार, तांब्याचा जमाना सरणार. मग दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेसह जगभरच्या प्रयोगशाळांनी तो पदार्थ बनवून तपासला आणि ऑगस्ट संपायच्या आत दावा बारगळला. त्या गडबडीत पुण्याहून भोर तालुक्यातल्या किकवीला आलेला माझा भाचा म्हणाला, "मावशी, तुझं आख्खं आयुष्य तारेत गेलं. आता तारवाल्यांचं काय होणार गं?" मी त्याला विचारलं, "त्या पदार्थाची तार निघते का? निघालीच तर ती किती ताण सोसते?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं. कुठल्याच बातमीत ते नव्हतं.

पुणे परिसरातल्या एका कंडक्टर कारखान्याच्या गुणवत्ता प्रयोगशाळेत माझी नोकरी झाली. ॲल्युमिनियम, तांबं, पोलाद यांच्या तारांचे तुकडे यंत्राच्या जबड्यात धरायचे आणि तुटेपर्यंत ओढायचे. पीळ देऊन बघायचे, स्वतःच्याच जाडीभोवती गुंडाळून, उलगडून बघायचे. तुटलेली टोकं भिंगाखाली धरून ती का तुटली ते लिहायचं. निवृत्तीनंतर किकवीच्या घरी राहते, पण तारेविषयी वाचायची सवय सुटलेली नाही. त्या सवयीतूनच एक मत पक्कं झालं आहे. अतिसंवाहकाच्या बातमीत तापमानाचा आकडा मथळ्यात येतो आणि ताकदीचा आकडा कुणी छापत नाही. प्रत्यक्षात गेल्या साठ वर्षांत जी जी अतिसंवाहक तार उपयोगाला आली, ती ताणाच्या परीक्षेत टिकली म्हणून आली. ती परीक्षा पार करून देणारी विद्या तारेच्या कारखान्यात राहते. महाराष्ट्राकडे ती विद्या भरपूर आहे आणि आपण ती या कामाला लावत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ताकदीचा प्रश्न येतो कुठून? अतिसंवाहक तारेतून प्रवाह जाताना रोध नसतो, म्हणून ती तापत नाही. एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण प्रवाह आणि चुंबकीय क्षेत्र एकत्र आले की बल आलंच. वेटोळ्यातला प्रत्येक फेरा बाहेरच्या बाजूला फाकू पाहतो. दवाखान्यातल्या १.५ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) एमआरआय यंत्रात हा दाब हवेच्या दाबाच्या साधारण नऊपट असतो. दाब क्षेत्राच्या वर्गाने वाढतो, म्हणून १० टेस्लाला तो चारशेपट होतो आणि २० टेस्लाला सोळाशेपट. फ्रान्समध्ये उभारल्या जाणाऱ्या इटर या अणुसंमीलन यंत्राच्या मोठ्या वेटोळ्यांतून ६८,००० ॲम्पिअर प्रवाह जाणार आहे आणि तारेवरचं कमाल क्षेत्र ११.८ टेस्ला असणार आहे. गुणाकार करून पाहा: केबलच्या एका मीटरवर जवळपास ८० टनांचा रेटा. केबल मात्र साडेचार सेंटिमीटरसुद्धा जाड नाही.

आता हा रेटा कोण सोसणार? हाइके कामरलिंग ओनेस यांनी १९११मध्ये नेदरलँड्समधल्या लायडेनला पारा ४.२ केल्व्हिनला, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या जेमतेम चार अंश वर, अतिसंवाहक होताना पाहिला आणि दोनच वर्षांत ते फार मोठ्या चुंबकांची स्वप्नं पाहू लागले. पण शिसं आणि कथील थोड्याशा क्षेत्रातच आपला गुण सोडून देतात, त्यामुळे त्या स्वप्नाला पुढची जवळपास पन्नास वर्षं वाट पाहावी लागली. १९६१मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत कुन्झलर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की नायोबियम आणि कथील यांचं संयुग ८.८ टेस्लातही अतिसंवाहक राहतं. पाठोपाठ नायोबियम-टायटॅनियमचा मिश्रधातू आला. यातलं नायोबियम-कथील गुणाने कितीतरी सरस. जास्त क्षेत्र सोसतं, जास्त तापमानही सोसतं. तरीही जगातल्या जवळजवळ सगळ्या एमआरआय यंत्रांत नायोबियम-टायटॅनियम आहे. ते वाकतं, ओढलं जातं, डायमधून, म्हणजे तार ओढायच्या साच्याच्या छिद्रातून, केसाइतकं बारीक होतं आणि तुटत नाही, म्हणून. नायोबियम-कथील काचेच्या बांगडीसारखं आहे. लांबीत टक्क्याच्या काही दशांशांइतका फरक पडला, की आधी त्याची प्रवाह वाहण्याची क्षमता उतरू लागते. आणखी ओढलं की आत बारीक चिरा पडतात आणि त्या पुन्हा भरून येत नाहीत.

म्हणून या तारेचं काम उलट्या क्रमाने करावं लागतं. तांब्याच्या नळकांड्यात नायोबियमच्या कांड्या आणि कथील वेगवेगळे भरायचे, एकेक डाय पार करत मिलिमीटरच्या आत आणायचे, वेटोळं गुंडाळायचं आणि मग ते अख्खं वेटोळं ६५० अंशांच्या आसपास भट्टीत शेकडो तास ठेवायचं. कथील पसरून नायोबियमला भिडतं आणि संयुग तयार होतं. त्यानंतर त्या वेटोळ्याला वाकवणं नाही, ओढणं नाही. ज्यांनी कधी मोटारीचं वाइंडिंग भरलं आहे त्यांना कळेल, की गुंडाळल्यावर हात लावायचा नाही ही अट किती कडक आहे.

शिवाय थंडी. ४ केल्व्हिनला धातूची उष्णता सामावून घेण्याची क्षमता जवळजवळ नाहीशी होते. वेटोळ्यातला एखादा फेरा काही मायक्रॉन सरकला, घासला, एवढ्याने तेवढी जागा तापते, तिथला अतिसंवाहक गुण जातो आणि ती बाधा क्षणात सगळ्या चुंबकभर पसरते. चुंबकाला थंड ठेवणारं द्रवरूप हेलियम उकळून बाहेर पडतं. कधी दोष वेटोळ्यात नसतो, जोडात असतो. १९ सप्टेंबर २००८ रोजी जिनिव्हाजवळच्या सर्नच्या महाकाय त्वरकात दोन चुंबकांमधला एक सदोष विद्युतजोड वितळला. सहाएक टन हेलियम निसटलं, पन्नासहून जास्त चुंबकांना इजा झाली आणि यंत्र पुन्हा सुरू व्हायला वर्षाहून अधिक काळ गेला. जगातले सर्वोत्तम भौतिकशास्त्रज्ञ तिथे होते. त्यांना थांबवलं ते एका सांध्याने.

आता कारखान्यातल्या विद्येकडे येते. महामार्गाने जाताना शेतावरून गेलेल्या उच्चदाबाच्या वाहिन्या सगळ्यांनी पाहिलेल्या असतात. त्या तारांना आमच्या धंद्यात प्राण्यांची नावं आहेत: डॉग, पँथर, झेब्रा, मूस. झेब्रा घ्या. बाहेर ॲल्युमिनियमच्या ५४ तारा, आत पोलादाच्या ७, सगळ्या ३.१८ मिलिमीटरच्या. वीज जवळजवळ सगळी ॲल्युमिनियममधून जाते. पोलाद क्षेत्रफळाने नवव्या हिश्श्याच्या आसपास, पण तुटेपर्यंतच्या साधारण १३ टन ताकदीतला निम्मा वाटा त्याचा. ॲल्युमिनियमला एकट्याने सगळा भार सोसत नाही आणि पोलादाला वीज नीट नेता येत नाही. दोघांना एकत्र पिळलं, म्हणून दोन मनोऱ्यांमधलं अंतर पार होतं.

अतिसंवाहक तारेला बळ देणारे लोक नेमकं हेच करतात, साहित्य तेवढं बदलतं. जपानच्या सुमितोमो कंपनीची बिस्मथयुक्त सिरॅमिक फीत चांदीत मढवलेली असते. चांदी मऊ, म्हणून उघडी फीत चौरस मिलिमीटरला साधारण १३ किलो ताणापर्यंतच भरवशाची. तिच्या दोन्ही अंगांना निकेल मिश्रधातूची पातळ पट्टी डाखानं जोडली की तोच आकडा ४० किलोवर जातो. दुसरी एक नवी फीत आहे, दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांची. तिच्यात अतिसंवाहक थर एक-दोन मायक्रॉनचा आणि त्याखाली हॅस्टेलॉय नावाच्या चिवट मिश्रधातूची तीस ते पन्नास मायक्रॉनची पट्टी. भार पट्टी घेते, प्रवाह थर घेतो.

सगळ्यात सुंदर काम मला तांबं-नायोबियमचं वाटतं. तांब्यात नायोबियम वितळवून ओतलं तर ते एकमेकांत विरघळत नाहीत. नायोबियमचे बारीक कण तांब्यात विखुरलेले राहतात. अशी कांडी डायमधून ओढत नेली की प्रत्येक कणाचा धागा होतो, धाग्याचं सूत होतं, सुताची केसाहून हजारपट बारीक फीत होते. १९७८ साली बेव्हक, हार्बिसन आणि बेल या संशोधकांनी अशा तारेची ताकद मोजली तेव्हा ती चौरस मिलिमीटरला २०० किलोच्या वर निघाली. कडक ओढलेलं चांगलं तांबं ४०-४५ किलोला तुटतं, हे मी स्वतःच्या यंत्रावर असंख्य वेळा पाहिलेलं आहे. नुसतं ओढून ओढून पाचपट बळ! जपानमधल्या सेंदाईच्या तोहोकु विद्यापीठाने पुढे हेच तांबं-नायोबियम नायोबियम-कथील तारेच्या अंगात घातलं आणि त्यातून २५ टेस्लाच्या वर्गातलं चुंबक उभं केलं. त्यांनी आणखी एक गोष्ट शोधली. भट्टीतून निघालेली ही बळकट तार रुळांच्या रांगेतून अलटून-पलटून थोडी वाकवत नेली तर तिच्या आतला थंड होताना साठलेला ताण निवळतो आणि ती जास्त प्रवाह नेते. ठिसूळ म्हणून जिला हात लावायचा नाही, तिलाच मोजून वाकवल्याने ती सुधारते. तार सरळ करणारे रूळ आमच्या प्रत्येक मशीनच्या तोंडाशी असत. त्यांचा कोन कधी किती ठेवायचा हे मशीनवरच्या माणसाला बोटांनी कळत असे.

इटरची कथा तर तारवाल्यांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. त्याच्या मोठ्या वेटोळ्यांच्या केबलमध्ये ९०० अतिसंवाहक तारा आणि ५२२ तांब्याच्या तारा टप्प्याटप्प्याने पिळून पोलादी नळीत बसवतात आणि मधल्या फटींतून थंडगार हेलियम वाहतं. मधल्या उभ्या वेटोळ्याच्या केबलचे नमुने स्वित्झर्लंडमध्ये तपासले, तेव्हा काही हजार वेळा प्रवाह चढवला-उतरवला की तारा आपसांत दबून, वाकून कमजोर पडत असल्याचं दिसलं. यंत्राला तर अशी आवर्तनं ६०,००० सोसायची होती. मार्ग सापडला तो पिळात. केबलचा 'ले', म्हणजे एक पूर्ण पीळ जेवढ्या लांबीत बसतो ती लांबी, पहिल्या टप्प्यांत साधारण निम्मी केली. तारा एकमेकींना घट्ट धरून राहू लागल्या, आणि घसरण जवळजवळ थांबली. नवा पदार्थ नाही, नवा सिद्धांत नाही. आमच्या स्ट्रँडिंग, म्हणजे तारा पिळायच्या, विभागात शिफ्ट सुरू होताना पहिल्यांदा मोजायचा तो आकडा बदलला आणि अब्जावधी युरोंच्या यंत्राची अडचण सुटली.

याच कथेतला दुसरा भाग मला टोचतो. इटरसाठी नायोबियम-कथीलची ५०० टनांहून जास्त, म्हणजे सुमारे एक लाख किलोमीटर तार लागली. त्याआधी जगभरात वर्षाला १५ टनांच्या आसपास होणारं उत्पादन त्यासाठी १०० टनांवर न्यावं लागलं. इटरचे सात भागीदार आहेत. त्यांपैकी युरोप, जपान, रशिया, अमेरिका, चीन आणि दक्षिण कोरिया या सहांनी अतिसंवाहक केबल पुरवली. सातवे आपण. आपण त्या यंत्राचं अवाढव्य शीतकवच बनवलं, ते गुजरातमधल्या हजिऱ्याला तयार झालं आणि ते काम अभिमानाचंच आहे. पण तारेचं काम आपल्या वाट्याला आलं नाही. चीन आणि कोरिया या धंद्यात आधी पुढारलेले होते असं नाही. त्या ऑर्डरीवर त्यांचे कारखाने शिकले. अमेरिकेतही पूर्वी हेच झालं होतं: शिकागोजवळच्या फर्मीलॅबने १९८३मध्ये सुरू झालेल्या आपल्या त्वरकासाठी नायोबियम-टायटॅनियम तारेची मोठी मागणी नोंदवली, त्यातून कारखाने तयार झाले आणि त्याच तारेवर एमआरआयचा धंदा उभा राहिला.

आपल्याकडे अक्कल कमी आहे म्हणून हे झालं नाही. १९९४मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नागराजन आणि सहकाऱ्यांनी इट्रियम-निकेल-बोरॉन-कार्बन अशा चार मूलद्रव्यांच्या पदार्थातली अतिसंवाहकता दाखवली, आणि तिथून बोरोकार्बाइड नावाची एक अख्खी शाखा जगात सुरू झाली. त्याच संस्थेत रामकृष्णन यांच्या गटाने २०१६मध्ये शुद्ध बिस्मथ शून्याच्या अगदी लगत, ०.०००५३ केल्व्हिनला, अतिसंवाहक होतो हे सिद्ध केलं. ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ॲटॉमिक फ्युएल्स विभागाने नायोबियम-टायटॅनियमच्या तारा स्वतः ओढून, पिळून, पोलादी कवचात बसवून ३०,००० ॲम्पिअरच्या वर्गातली केबल तयार केली. म्हणजे पदार्थ शोधणारे मुंबईत आहेत, तार ओढून दाखवणारेही मुंबईत आहेत. तरी गांधीनगरच्या एसएसटी-१ या संमीलन यंत्राची केबल जपानच्या हिताची केबल कंपनीकडून आणावी लागली होती. प्रयोगशाळेत जमलेली तार आणि कारखान्यात वर्षभर, किलोमीटरच्या किलोमीटर, एकसारखी निघणारी तार यांत फार मोठं अंतर असतं. ते अंतर कापायला शास्त्रज्ञाच्या जोडीला डाय पॉलिश करणारा, भट्टीचं तापमान सांभाळणारा आणि तुटलेलं टोक वाचणारा माणूस लागतो.

त्या टोकाचं महत्त्व किती, याचं एक उदाहरण देते. २०१९मध्ये फ्लोरिडातल्या टॅलाहासीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत एका छोट्या अतिसंवाहक वेटोळ्याने मोठ्या चुंबकाच्या पोटात बसून ४५.५ टेस्लाचा विक्रम केला. नंतर ते वेटोळं उलगडून पाहिलं तर फीत जागोजाग खराब झालेली होती, आणि नुकसान फितीच्या कापलेल्या कडेच्या बाजूला होतं. रुंद पट्टीची अरुंद फीत करताना पात्याने कडेला सोडलेल्या सूक्ष्म चिरा तिथून आत गेल्या होत्या. पातं कधी बदलायचं, हा प्रश्न पत्रा किंवा पट्टी कापणाऱ्या कुठल्याही कारखान्यात रोजचा आहे.

मला हे सगळं किकवीत बसून का लिहावंसं वाटतं? आमच्या भागातल्या माणसाला मणक्याचा किंवा मेंदूचा एमआरआय करायचा तर कात्रज ओलांडून पुण्याला जावं लागतं. त्या यंत्राच्या किमतीत चुंबक हा मोठा भाग, चुंबकाचा जीव तार, आणि ती परदेशी. मुंबईच्या 'समीर' या सरकारी संस्थेच्या पुढाकाराने १.५ टेस्लाचं देशी एमआरआय यंत्र तयार झालं आहे, त्याचं अतिसंवाहक चुंबक दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्राने बांधलं. बंगळुरूच्या वोक्सेलग्रिड्स कंपनीचं देशी यंत्र आपल्याच चंद्रपूरच्या कर्करोग केंद्रात बसलं आहे. या प्रयत्नांचं मला अपार कौतुक आहे. यंत्र देशी झालं, आता तार देशी व्हायची बाकी आहे. तालुक्याच्या ठिकाणी अशी यंत्रं पोचायची असतील तर ती लांबच्या रस्त्याचे धक्के सोसतील, हेलियम कमी खातील अशी असावी लागतील, आणि दोन्ही गोष्टी पुन्हा तारेच्या ताकदीशी येऊन ठेपतात.

यावर काही जण म्हणतील, बाजार लहान आहे, कोण कारखाना पैसे घालील? शंका रास्त आहे. कुठलाही मालक एका ऑर्डरीसाठी नवी भट्टी लावणार नाही, मीही लावा म्हणणार नाही. म्हणूनच पहिली काही वर्षं ग्राहक सरकारच असायला हवं, इतर देशांत होतं तसंच. दुसरे म्हणतील, नायोबियम आपलं नाही, जगातलं बहुतेक ब्राझीलच्या अराशाच्या खाणीतून येतं. खरं आहे. पण तांब्याच्या कच्च्या मालासाठीही आपण बाहेर बघतो, म्हणून इथले तार कारखाने बंद पडले नाहीत. मोल आहे ते ओढण्याला, पिळण्याला, तापवण्याला.

मागण्या माझ्या साध्या आहेत. पुण्याच्या सीओईपीत आणि मुंबईच्या आयआयटीत धातुशास्त्राचे जुने, नावाजलेले विभाग आहेत. त्यांतल्या एका ठिकाणी द्रवरूप हेलियमच्या थंडीत, चुंबकीय क्षेत्रात, तारेला ताण देत देत तिचा प्रवाह मोजणारं यंत्र असावं आणि त्याचं दार भोसरी, चाकण, शिरवळच्या छोट्या कारखानदाराला उघडं असावं. त्याने आपली दहा मीटर तार घेऊन यावं आणि आठवड्यात आकडा घेऊन जावं. भोर-वेल्ह्याच्या आयटीआय झालेल्या मुलामुलींना ट्रॉम्बेच्या तार विभागात वर्षभराची उमेदवारी मिळावी, म्हणजे तिथलं कसब कागदावर न राहता हातात येईल. आणि देशी एमआरआय यंत्रांची सरकारी खरेदी सुरू होईल तेव्हा निविदेत एक अट असावी: पहिल्या खेपेला तारेचा दहावा हिस्सा देशात ओढलेला, पुढच्या खेपेला पाचवा, आणि प्रत्येक बॉबिनबरोबर तिच्या ताकदीचा दाखला.